पिवळ्याचा रकाना

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायला गेले होते. बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर ऑफिस. जिन्यात निथळणाऱ्या छत्र्या, आत भर दुपारी लावलेल्या ट्यूबलाइट, फायलींना धरलेला दमट वास, आणि कोपऱ्यात कधीचा बंद पडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर; त्याच्यावर आता गणपतीचा फोटो आणि उदबत्तीचं घर. थकबाकीची यादी स्क्रीनवर उघडली, जुन्या यादीशी ताडून पाहिली, बेरीज पैशापर्यंत जुळली. मॅनेजरांनी चहा सांगितला. कर्जाचं टेबल सांभाळणाऱ्या ताई मात्र खुर्ची पुढे ओढून यादी वरखाली सरकवत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं पांढरं झालंय. माझं पिवळं कुठाय?"

झालं होतं असं, की जुन्या सॉफ्टवेअरमधून त्या दर महिन्याला यादी एक्सेलमध्ये काढून घ्यायच्या आणि तिच्यावर स्वतःचं काम करायच्या. पत्ते दुरुस्त करायचे, जामीनदारांचे बदललेले फोन नंबर लिहायचे. ते दुरुस्त पत्ते हवे होते म्हणून डेटा हलवताना त्यांचीच फाइल घेतली गेली, सीएसव्ही करून. सीएसव्हीत अक्षरं असतात, आकडे असतात, मध्ये स्वल्पविराम असतात. रंग नसतो. आणि पिवळी ओळ म्हणजे सभासद वारलेला आहे, वारस नोंद अजून झालेली नाही. "यांना नोटीस काढायची नसते," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे काढायची असते, पण अशी नाही. आधी मी घरी फोन करते." नोटिशींची छपाई पुढच्या आठवड्यात होती. नावं त्यांना तोंडपाठ होती; एकेक ओळ त्यांनी बोटानं दाखवली, आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं.

माझ्या डोक्यातून मात्र ते पिवळं गेलं नाही.

पुण्याला आल्यावर ऑफिसात हे सांगितलं, तर आमच्यातला एक तरुण प्रोग्रामर, हुशार मुलगा, पटकन म्हणाला, "ताई, पण रंग हा डेटा नसतोच ना." शिकवलं जातं त्या हिशोबानं त्याचं अगदी बरोबर होतं. डेटा एकीकडे, त्याचं दिसणं दुसरीकडे, आणि दोघांमध्ये अशी भिंत, की दिसणं उद्या पूर्ण बदललं तरी डेटाला त्याचा पत्ता लागू नये. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, हे तो झोपेत सांगेल. मीही नव्या मुलांना हेच सांगत आले आहे, आणि पुढेही सांगेन. कारण ही भिंत नसलेल्या घरात मी राहिलेली आहे.

मी प्रोग्रामिंग शिकले ते व्हिज्युअल बेसिक या भाषेवर. सहावी आवृत्ती १९९८ची, आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या पतसंस्था, दूध संस्था, शाळांच्या फीच्या पावत्या तिच्यावर चालल्या. काही ठिकाणी अजून चालतात. फॉर्मवर एक बटण ओढून ठेवायचं, त्याच्यावर दोनदा क्लिक करायचं, की कोड लिहायची खिडकी उघडायची आणि तिच्यात आधीच लिहिलेलं असायचं, कमांड१_क्लिक. आता जे काही करायचं ते या बटणाच्या पोटात. व्याज काढायचं ते तिथेच, डेटाबेसात लिहायचं ते तिथेच, चुकलं तर लाल अक्षरं दाखवायची तीही तिथेच. सकाळी सुरू करून संध्याकाळी चालणारा प्रोग्राम गिऱ्हाइकाला दाखवता यायचा, आणि ती नशा खोटी नव्हती. ज्यांनी ती अनुभवली नाही ते लोक व्हिज्युअल बेसिकला फार सहज हसतात, असं मला वाटतं. पण दुपारनंतर त्या फॉर्मला दुखणी लागायची. एकदा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं एका संस्थेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार अशी, की एकूण थकबाकी अचानक फारच कमी दिसायला लागली आहे. संचालकांना आधी आनंद झाला होता म्हणे. शोधत गेल्यावर कळलं, की चेअरमननी मध्यंतरी सांगितलं होतं, रकमा वाचता येत नाहीत, स्वल्पविराम टाका. कुणीतरी टाकले. आणि बेरीज करणारा कोड रकमा डेटाबेसातून घेत नव्हता, तो स्क्रीनवरच्या ग्रिडमधलाच मजकूर वाचून 'व्हॅल' नावाच्या फंक्शनने त्याचा आकडा करत होता. व्हॅलला स्वल्पविराम कळत नाही. तो दिसला की तिथेच थांबायचं, आतापर्यंत वाचलं तेवढा आकडा खरा मानायचा. त्यामुळे १,२५,००० चा झाला १. ८५,४०० चे झाले ८५. आणि ज्याचे ९५० च राहिले होते तो बिचारा ९५० चाच राहिला आणि संस्थेतला सर्वांत मोठा थकबाकीदार ठरला.

चेअरमननी फक्त दिसणं बदलायला सांगितलं होतं. संस्थेचं देणंघेणं बदलून गेलं.

तेव्हा एका जुन्या संस्थेतले निवृत्तीला आलेले हिशोबनीस ही भानगड ऐकून म्हणाले होते, "म्हणजे तुम्ही खतावणीवरून किर्द लिहीत होता." याहून नेमकं मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. किर्दीत व्यवहार घडला तसा, घडला त्या दिवशी, एकदाच उतरतो. खतावणीत तोच व्यवहार खात्याच्या पानावर जातो, तेरजेत त्याची बेरीज उरते, ताळेबंदात त्याचंही सार. पानं वेगळी, रचना वेगळी, बघणारे वेगळे. मूळ नोंद एक. वाद झाला की वरून खाली उतरत किर्दीपाशी यायचं, उलटं जायचं नाही. फरक एवढाच, की हातानं लिहिलेल्या खतावणीत आकडा उतरवताना चूक होऊ शकते आणि मग मार्चअखेर रात्री जागून अठरा पैशांचा फरक शोधावा लागतो. संगणकानं ते उतरवणंच काढून टाकलं. खतावणी लिहून ठेवायची नाही, बघायची झाली की किर्दीवरून तिथल्या तिथे तयार करायची. माझ्या लेखी डेटा आणि दिसणं वेगळं करण्याचा हा निम्मा अर्थ. उरलेला निम्मा मला खूप उशिरा, एका नॉर्वेजियन म्हाताऱ्याच्या कागदांत सापडला.

त्रिग्वे रेन्स्काउग. जन्म १९३०चा, २०२४ मध्ये गेला. ऑस्लोच्या एका संशोधन संस्थेत जहाजबांधणीचं काम करायचा. ऑटोकॉन नावाची जहाजाचे पत्रे आखणारी त्याची प्रणाली १९६३ची, म्हणजे बहुतेकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता तेव्हाची. १९७८-७९ मध्ये तो वर्षभर कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत पाहुणा होता. खिडक्या, माउस, स्मॉलटॉक भाषा हे सगळं तिथे आकाराला येत होतं. याच्या डोक्यात मात्र जहाजाची गोदी होती. हजारो कामं, एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, आणि त्या एकाच जंजाळाकडे गोदीतला प्रत्येक जण आपल्या खिडकीतून बघणार. वेळापत्रक ठेवणाऱ्याला आडव्या पट्ट्या हव्यात, कुठलं काम कुणावर अडलं आहे ते शोधणाऱ्याला बाणांचं जाळं हवं, माणसं वाटणाऱ्याला या आठवड्यात किती वेल्डर लागतील तो आकडा. मे १९७९ मध्ये त्यानं एक टिपण लिहिलं, त्यात चार भाग होते. डिसेंबरपर्यंत घासूनपुसून नावं ठरली ती मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर: मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे त्याचं दिसणं, आणि कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याचं म्हणणं आत पोचवणारा. स्मॉलटॉकमध्ये मॉडेलला आपल्याकडे कोण कोण बघतंय हे माहीत नसायचं. बदल झाला की ते नुसतं पुकारायचं, 'बदललो'. ज्यांनी नाव नोंदवलं असेल ते व्ह्यू येऊन नवी किंमत घेऊन जायचे. बघणारे दोन आहेत की वीस, याच्याशी मॉडेलला कर्तव्य नाही. आज कुठल्याही डेस्कटॉपवर एका खिडकीत नाव बदललं की दुसऱ्या खिडकीतही बदलतं, त्याच्या मुळाशी हीच पुकार आहे.

पण रेन्स्काउग पुढे वारंवार सांगत राहिला ती गोष्ट वेगळीच आहे, आणि आम्ही सगळ्यांनी ती सोयीस्करपणे गाळली. त्याचं म्हणणं असं, की हा सगळा खटाटोप वापरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्रातलं चित्र यांच्यातलं अंतर भरून काढण्यासाठी आहे. त्याच्या वाक्याच्या मध्यभागी माणूस होता. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची फोल्डरची नावं झाली. मॉडेल नावाचं फोल्डर, व्ह्यू नावाचं फोल्डर, आणि मुलाखतीत विचारायचा एक प्रश्न. ताईंच्या डोक्यातल्या चित्रात काही सभासद मेलेले होते. आमच्या मॉडेलमध्ये सगळे जिवंत.

ही भिंत वाटते तितकी सरळ उभी नसते, हे मात्र रोजच्या कामात कळत जातं. आमची नवी आवृत्ती क्यूटीवर आहे, म्हणजे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम उभारायच्या एका तयार चौकटीवर. ही चौकटही मूळची ऑस्लोचीच, ट्रोलटेक कंपनीची. त्या गावाच्या पाण्यात काहीतरी असावं. २००५ साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून यादी दाखवायला दोन रस्ते आहेत. एकात ग्रिडच्या प्रत्येक खणात मजकूर स्वतः भरायचा, म्हणजे व्हिज्युअल बेसिकचंच घर. दुसऱ्यात व्ह्यू कोरा असतो आणि गरज पडेल तसा मॉडेलला विचारत जातो: तिसरी ओळ, दुसरा रकाना, इथे काय लिहू? लाखभर ओळी असल्या तरी स्क्रीनवर दिसतात तेवढ्या तीस-चाळीसच विचारल्या जातात. सुंदर आहे हे. पण मग वापरणारा रकान्याच्या डोक्यावर क्लिक करतो आणि यादी रकमेप्रमाणे लावतो. आता हा क्रम कुणाचा? डेटा तर जागचा हललेला नाही. मध्ये एक दलाल उभा करावा लागतो, जो सांगतो की दिसणारी तिसरी ओळ म्हणजे मुळातली चारशेबारावी. त्या दलालाला विचारायचं राहिलं, की एकाची वसुली दुसऱ्याच्या खात्यावर पडते. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत असतं, निवडलेली ओळही बरोबर असते. पैसे तेवढे भलतीकडे. जावा या भाषेत २००६ साली टेबलाला क्रम लावायची सोय आली, तेव्हा तिच्यासोबत दिसणाऱ्या ओळीवरून मूळ ओळ काढून देणारं फंक्शनही द्यावं लागलं, आणि ते न वापरल्यामुळे झालेल्या चुका ही आमच्या पिढीची सामायिक मालमत्ता आहे. निळी झालेली ओळ म्हणजे 'निवड' कुणाची, हा प्रश्नही असाच. डेटाची म्हणावी तर फाइलमध्ये ती जात नाही. व्ह्यूची म्हणावी तर दोन खिडक्यांत एकच निवड कधीकधी हवी असते. क्यूटीनं तिला तिसरंच घर बांधून दिलं. आणि गंमत म्हणजे तो कोरा व्ह्यू मॉडेलला फक्त मजकूर विचारत नाही. अक्षरं डावीकडे लावू की उजवीकडे, हे विचारतो. मागचा रंग कोणता, हेही विचारतो. ज्या रंगाला आम्ही डेटा मानायला तयार नाही तो कोणता हे मॉडेलनं सांगायचं! त्या मुलाला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, "हे डिझाइन चुकलंय त्यांचं." असेलही. मला वाटतं, लिहिणाऱ्यांना कुठेतरी ठाऊक होतं.

एक्सेलनं हे फार आधी ओळखलं. तिथे खणात असतो आकडा आणि वर चढवलेला असतो मुखवटा. १ जानेवारी २०२४ ही तारीख आत नुसती ४५२९२ असते. मुखवटा काढला की आकडा उघडा. इथपर्यंत वेगळेपण शाबूत. पण एक्सेलमध्ये बघण्याची जागा आणि लिहिण्याची जागा एकच, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज यंत्र स्वतः बांधतं. सप्टेंबरच्या इंग्रजी आद्याक्षरांसारखं नाव असलेल्या जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये टाकल्या, की त्यांच्या तारखा व्हायच्या. संशोधकांचे कागद त्यामुळे वर्षानुवर्षं बिघडत राहिले, आणि शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. एक्सेलमध्ये ही आपोआप होणारी तारीख बंद करायची सोय २०२३ साली आली. म्हणजे कोण कुणापुढे वाकलं ते बघा. रंगाच्या बाबतीत मात्र एक्सेल माणसांपुढे वाकलं. २००७च्या आवृत्तीपासून रंगाप्रमाणे चाळणी लावता येते. कुणा शिस्तप्रिय माणसाला हे नक्की खटकलं असणार, रंगावर चाळणी कशी लावता? पण जगभरच्या ऑफिसांतून लोक पिवळं, हिरवं, लाल करत बसले होते, कारण त्यांना जे ठाऊक होतं त्याला कुठल्याही यादीत रकाना नव्हता. जुन्या कागदी रजिस्टरांत शेवटी 'शेरा' असायचा, बोटभर रुंद, आणि त्यात काहीही लिहिता यायचं. आम्ही कागदाचं टेबल केलं तेव्हा तो रकाना बऱ्याचदा टाकून दिला. त्याच्यावर बेरीज होत नव्हती ना.

ताईंना मी नंतर फोन केला. मयत सभासदासाठी रीतसर रकाना केला होता. त्यात खूण केली की नोटीस छापलीच जात नाही आणि ओळ आपोआप पिवळी दिसते. आता पिवळं दिसणं होतं आणि मृत्यू डेटा, सगळं जागच्या जागी. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आणि हिरवं?" हिरवं काय, मी विचारलं. हिरव्यांच्या घरी वसुलीला जायचं नाही, त्यांना दुकानावर किंवा शेतावर गाठायचं. घरात कर्जाचं सांगितलेलं नसतं. म्हटलं, मग त्याचाही रकाना करू, 'घरी संपर्क नको'. पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. "तेवढं नको कॉम्प्युटरात, मॅडम. संचालक बघतात, पिग्मीवाले बघतात. निम्मे एकमेकांचे पाव्हणे." शिवाय निळं होतं. निळं काय, तर "ते असू दे."

मला याचं उत्तर अजून नीट सापडलेलं नाही. आम्ही दिसण्यातून अर्थ उपसून डेटात घालतो तेव्हा तो अर्थ शोधता येतो, मोजता येतो, ऑडिटरला देता येतो, आणि पुढची कर्जविभागाची बाई आली तरी तो टिकतो. हे सगळं चांगलंच आहे. उद्या ताई रजेवर गेल्या तर पिवळ्या ओळींचं कुणाला कळणार होतं? पण रंग बोलत नाही, म्हणून तर ताईंनी तो निवडला होता. हिरव्या ओळीचा अर्थ त्यांच्याजवळ होता, फाइलजवळ नव्हता. कुणी फाइल पळवली तरी हातात नुसतं हिरवंच लागलं असतं. शेवटी आम्ही एक वेगळं छोटं टेबल केलं: सभासद क्रमांक, वापरणाऱ्याचं लॉगिन, रंग. अर्थाला रकाना नाही. ज्याचा रंग त्यालाच दिसतो, अहवालात जात नाही. तो मुलगा वैतागला, "अर्थच माहीत नसलेला डेटा आपण का साठवतोय?" मी म्हटलं, अर्थ आहे रे, आपला नाही एवढंच. त्याला ते पटलं नाही, आणि त्याच्या बाजूलाही दम आहे. अर्थ नसलेली टेबलं उद्या कोण सांभाळणार, हा प्रश्न शिल्लक आहेच.

त्याला दुसरीकडे गुंतवावं म्हणून सभासदांच्या नावांचं काम दिलं, आणि तिथे तो माझ्यापेक्षा जास्त अडकला. ही जुनी नावं जुन्या मराठी फॉन्टांत होती, म्हणजे त्या फॉन्टाशिवाय वाचता न येणारी. ज्यांनी मराठी डीटीपी केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको: फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा खच. पुण्यात सी-डॅकमध्ये आणि बाहेरही लोकांनी यावर फार पूर्वी डोकं लावलं होतं. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात तत्त्व स्वच्छ होतं, की साठवायचं ते अक्षर, आकार नव्हे; युनिकोड या आता जगभर चालणाऱ्या मानकातली देवनागरी त्याच्या आधीच्या आवृत्तीवरूनच बेतली गेली. पण बाजारात चालले ते फॉन्ट, कारण छापून देखणं यायचं. त्यांच्यात साठवलेला असतो तो आकारच. 'कि' मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाइलमध्येही आधी. त्यामुळे नावांची अकारविल्हे यादी मागितली की किसन, विठ्ठल, शिवाजी, निवृत्ती हे सगळे वेलांटीखाली एका घोळक्यात, आणि कमल, वसंत, नामदेव लांब कुठेतरी. पुष्कळ फॉन्टांत 'ण' म्हणजे अर्धा ण आणि पुढे एक काना, त्यामुळे 'बाण' शोधायला गेलं की काने मोजत बसावं लागतं. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, बोलतो तसं. ती डावीकडे नेऊन काढायची हे फॉन्टनं बघावं. आपला देठ असलेला 'श' आणि पाकळीचा 'ल' आणि हिंदीतले श, ल यांचे संकेत एकच; मराठी वळण हवं तर ते फॉन्टकडून मागून घ्यायचं. डेटा आणि दिसणं यांची इतकी देखणी फारकत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पतसंस्थेतल्या त्या नावांवर तो मुलगा परिवर्तकाचा, म्हणजे फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, प्रोग्राम चालवून मोकळा झाला, यादी अकारविल्हे लागली, शोध चालायला लागला.

मग तालुकावार थकबाकीचा अहवाल काढला, तर त्यात कऱ्हाड दोनदा.

दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. मोठं करून पाहिलं, फॉन्ट बदलून पाहिला, काही फरक नाही. रकमा मात्र वेगवेगळ्या. आपला हा पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. काढलेला आकार एकच. परिवर्तकानं जुन्या नावांत दुसरी रीत वापरली होती, आणि नव्या कीबोर्डवरून भरलेल्या नावांत पहिली आली होती. बरं, या खुणेला शोभेची समजून पुसूनही टाकता येत नाही. समुद्राचा दर्या आणि डोंगरातल्या दऱ्या तेवढ्यावरच वेगळ्या आहेत. इतके दिवस आम्ही एकाच डेटाची वेगवेगळी रूपं सांभाळत आलो होतो. इथे रूप एक आणि खाली डेटा दोन. तो मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हे म्हणजे अति होतंय."

शिवाय अहवालात तिसरी ओळ होती, कराड. सरकारी कागदांवर तेच नाव, आणि बँकेच्या नोंदींवरून आलेल्या सभासदांचं तेच. इलाज सोपा होता आणि तो त्यानं त्याच संध्याकाळी केला: तालुक्याला एक कोड, हिशोब कोडावर, नाव फक्त दाखवताना. तिन्ही ओळींची एक ओळ झाली, बेरीज जुळली. दाखवायचं नाव कोणतं ठेवू, असं त्यानं मॅनेजरांना फोनवर विचारलं. वीस सेकंदांचं काम होतं. मॅनेजर म्हणाले, संस्थेच्या पाटीवर कऱ्हाड आहे, शिक्क्यावर कराड आहे, आणि चेअरमन आणि व्हाइस चेअरमन या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत ठराव मांडतो, तोवर नुसता कोड छापा.